स्त्री-संशोधकांसाठी संवादकौशल्याचे प्रशिक्षण: त्यात नेमके काय शिकवावे?

शोधयात्री यांचा प्रश्न

नमस्कार. मी जीवशास्त्रात पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरची संशोधक) म्हणून काम करते. आमच्या विभागाला स्त्री-संशोधकांच्या संवादकौशल्य प्रशिक्षणासाठी थोडा निधी मिळाला असून त्याचा आराखडा करण्याचे काम आम्हा तिघींकडे आले आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थिनी, पोस्ट-डॉक आणि नुकत्याच रुजू झालेल्या सहायक प्राध्यापिका अशा साधारण वीस जणी त्यात सहभागी होतील.

ज्या प्रशिक्षकांशी आतापर्यंत बोलणे झाले, त्यांनी पाठवलेले कार्यक्रम एकमेकांच्या नकला वाटाव्यात इतके सारखे आहेत. आत्मविश्वास, देहबोली, आवाजातील ठामपणा, 'स्वतःला मांडणे' आणि दिवसाअखेर प्रमाणपत्र. हाच कार्यक्रम एखाद्या कंपनीच्या विक्री विभागालाही तसाच्या तसा चालला असता. आमच्या बोलण्याचे प्रसंग निराळे असतात. सेमिनारमध्ये तिसऱ्याच स्लाइडवर कोणीतरी अडवतो आणि मुख्य निष्कर्षापर्यंत पोहोचायला वेळच उरत नाही. शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाच्या तिखट अभिप्रायाला मुद्देसूद उत्तर लिहायचे असते. शोधनिबंधावरील नावांच्या क्रमाचा विषय ज्येष्ठ सहकाऱ्यापुढे काढायचा असतो. निवड समिती 'यातले तुमचे स्वतःचे काम कोणते' असे विचारते तेव्हा सहकाऱ्यांचे श्रेय न डावलता आपले श्रेय सांगायचे असते.

माझ्या शंका दोन आहेत. पहिली व्यवहाराची: प्रशिक्षणात काय घ्यावे, किती काळ चालवावे आणि कोणत्या गोष्टी निःशंकपणे वगळाव्यात? दुसरी अधिक अवघड आहे. असे प्रशिक्षण केवळ स्त्रियांसाठी ठेवले म्हणजे दोष त्यांच्या बोलण्यात आहे हे आपणच मान्य करत नाही का? आमच्यापैकी एकीला हा प्रश्न इतका टोचतो आहे की ती समितीत राहावे की नाही याचा विचार करते आहे. ज्यांनी अशी प्रशिक्षणे घेतली किंवा दिली असतील, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


वाक्यविराम यांचे उत्तर

मी संशोधकांसाठी लेखन आणि सादरीकरणाच्या कार्यशाळा घेते, त्यामुळे पहिल्या शंकेपुरते लिहिते.

आराखडा कौशल्यांच्या नावांनी करू नका, प्रसंगांच्या नावांनी करा. 'आत्मविश्वास' हा विषय शिकवता येत नाही. 'व्याख्यान सुरू असताना आलेला प्रश्न' हा विषय शिकवता येतो, त्याचा सराव करता येतो आणि सराव झाला की नाही हे तपासताही येते. एका दिवसात सगळे उरकण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या बैठका ठेवा आणि वीस जणींचे तीन गट करा, कारण प्रत्येकीला उभे राहून बोलायला आणि त्यावर अभिप्राय ऐकायला वेळ मिळाला नाही तर ते प्रशिक्षण होत नाही, प्रशिक्षणावरचे भाषण होते. प्रत्येकीने स्वतःचे खरे साहित्य घेऊन यावे: पुढच्या महिन्यातले व्याख्यान, नुकताच आलेला परीक्षकांचा अभिप्राय, अर्धवट राहिलेला निधीचा अर्ज. काल्पनिक विषयावर पाच मिनिटे बोलण्याच्या सरावाचा उपयोग फार थोडा होतो.

सर्वाधिक वेळ प्रश्नोत्तरांना द्या. अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या पाच विभागांमध्ये प्राध्यापकपदाच्या उमेदवारांनी दिलेल्या ११९ व्याख्यानांच्या चित्रफिती तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका उत्तराने समाधान न होता त्यालाच जोडून विचारले जाणारे पुढचे प्रश्न स्त्री-उमेदवारांना अधिक आले, असे त्यात आढळले. याचा व्यावहारिक अर्थ 'धीट व्हा' असा होत नाही. व्याख्यानाची रचनाच अशी हवी की त्यातली दहा मिनिटे दुसऱ्यांनी खाल्ली तरी ते कोलमडू नये. पार्श्वभूमी, पद्धत, निरीक्षणे आणि मग निष्कर्ष ही चढती मांडणी प्रबंधात शोभते. वेळ कमी पडली की तिचा नेमका शेवट कापला जातो, आणि श्रोत्यांना आठवते ती शेवटची धावपळ. मुख्य निष्कर्ष पहिल्या एक-तृतीयांश भागातच एकदा स्पष्ट वाक्यात सांगून टाकावा. कोणत्या तीन स्लाइड गाळता येतील हे आधीच ठरवून ठेवावे. अपेक्षित प्रश्नांसाठी जादा स्लाइड शेवटी जोडून ठेवाव्यात. प्रश्न येताच तयार आलेख समोर आणला की पुढचे चार उपप्रश्न आपोआप गळतात.

उत्तर देण्याचा सराव घेताना आधी प्रश्नाची जात ओळखायला शिकवावे. काही प्रश्न माहितीसाठी असतात, त्यांना एका वाक्यात उत्तर पुरते. काही आक्षेप असतात. त्यांना पहिल्या वाक्यात उत्तर आणि मग कारण, असा क्रम ठेवावा, कारण कारणांपासून सुरुवात केली की श्रोत्याला ती सारवासारव वाटते. आणि काही प्रश्न हे प्रश्न नसतातच, ती विचारणाऱ्याची टिप्पणी असते. तिथे 'ही सूचना मी टिपून घेते' एवढे म्हणून पुढे जाणे पूर्णपणे सभ्य आहे. 'तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन स्लाइडनंतर येते, तिथे पोहोचले की थांबून सांगते', 'या निरीक्षणांवरून तेवढे म्हणता येत नाही. म्हणता येते ते इतकेच', 'माझे वाक्य पूर्ण करते आणि मग आपल्याकडे येते' अशी वाक्ये कृत्रिम वाटली तरी मोठ्याने म्हणून घ्यावीत. ऐन वेळी वाक्य शोधावे लागले की माणूस एकतर माफी मागतो किंवा चिडतो.

आवाज खालच्या पट्टीत आणणे, हात कसे ठेवावेत, कोणता पेहराव ठसा उमटवतो, हे सगळे वगळा. त्याऐवजी मायक्रोफोन वापरायला शिकवा. 'माझा आवाज पोहोचतो' म्हणून तो बाजूला ठेवणाऱ्यांचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही आणि मग पहिल्या दोन रांगांशीच चर्चा होते. तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याचा प्रकारही प्रशिक्षकांना फार आवडतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली ती स्पर्धा आता पुष्कळ देशांत होते आणि सुरुवातीची ओळख घट्ट करायला ती चांगली आहे, परंतु तिच्यात प्रश्नोत्तरे नसतात, म्हणजे जिथे अडचण आहे नेमका तोच भाग नसतो.


अक्षांश यांचे उत्तर

वाक्यविराम यांनी लिहिलेले सगळे उपयुक्त आहे, आणि तरीही तुमच्या सहकारी समितीतून बाहेर पडण्याचा विचार का करत असतील हे मला समजते.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला प्रयोग बहुतेकांना ठाऊक असेल. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठीचा एकच अर्ज जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या १२७ प्राध्यापकांना पाठवण्यात आला. निम्म्यांकडे गेलेल्या अर्जावर पुरुषाचे नाव होते, निम्म्यांकडे स्त्रीचे. 'जॉन'ला सरासरी ३०,२३८ डॉलर वार्षिक वेतन सुचवले गेले आणि 'जेनिफर'ला २६,५०८. तिला कमी सक्षमही ठरवले गेले, आणि तसे ठरवण्यात स्त्री-प्राध्यापक मागे नव्हत्या. या प्रयोगात कोणी बोललेच नव्हते. आवाज नव्हता, देहबोली नव्हती, दोन्ही अर्जांतला शब्द न् शब्द सारखा होता. मग संवादकौशल्याच्या कोणत्या वर्गाने जेनिफरचे चार हजार डॉलर परत मिळणार होते?

आमंत्रणांचेही तसेच. अमेरिकेतील ५० नामवंत विद्यापीठांमध्ये २०१३-१४ या वर्षात झालेल्या विभागीय व्याख्यानांची छाननी करणाऱ्या अभ्यासात, उपलब्ध प्राध्यापकांमधील प्रमाण आणि त्यांचा हुद्दा लक्षात घेऊनही, वक्ते म्हणून पुरुष अधिक आढळले. 'बायकाच नाही म्हणतात' हे नेहमीचे स्पष्टीकरण त्याच अभ्यासात तपासले गेले आणि ते टिकले नाही. आमंत्रण नाकारण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये जास्त नव्हते. जिला बोलावलेच नाही, तिच्या स्लाइड कितीही सुबक असल्या तरी त्या तिच्या संगणकातच राहतात.

ठामपणाचा उपदेश तर उलटण्याचीही शक्यता असते. स्वतःच्या कर्तबगारीबद्दल ठसठशीतपणे बोलणाऱ्या स्त्रीला लोक सक्षम मानतात, पण त्याच वेळी ती त्यांना कमी आवडते, हे १९९८ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. पुरुषाला अशी किंमत सहसा मोजावी लागत नाही. आणखी एक निष्कर्ष मला अधिक चिंताजनक वाटतो. स्त्रियांनी स्वतःत बदल करून अडथळे ओलांडावेत, असा संदेश वाचणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम होतो हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तपासले गेले. तो संदेश मिळालेले लोक, विषमता दूर करण्याची ताकद स्त्रियांकडे आहे असे मानू लागले, हे ठीक. पण विषमता निर्माण होण्याची आणि ती मिटवण्याची जबाबदारीही स्त्रियांचीच आहे, असेही ते अधिक मानू लागले. तुमच्या कार्यशाळेचे भित्तिपत्रक विभागाच्या फलकावर लागेल तेव्हा ते वाचणाऱ्या पुरुष प्राध्यापकाच्या मनात नेमके हेच घडू शकते.

म्हणून माझी सूचना अशी की निधी स्वीकारताना अट घाला. सहभागींच्या प्रत्येक बैठकीमागे विभागातील प्राध्यापकांची एक बैठक, आणि तीही ऐच्छिक व्याख्यान म्हणून नव्हे, तर कामाचा भाग म्हणून. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात अभ्यासासाठी घेतलेल्या ९२ विभागांपैकी निम्म्या विभागांमध्ये पूर्वग्रहाच्या सवयी मोडण्याविषयीची जी कार्यशाळा घेतली गेली आणि जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, ती जेमतेम अडीच तासांची होती. तरी ज्या विभागांतील किमान चतुर्थांश प्राध्यापक तिला उपस्थित राहिले, तिथल्या वागण्यात बदल झाल्याचे तीन महिन्यांनी त्या विभागांतील लोकांनीच नोंदवले. तुमच्या विभागात चतुर्थांश म्हणजे किती जण होतात ते मोजा आणि त्यांची नावे घेऊनच विभागप्रमुखांकडे जा.


नाइलाजाचे अध्यक्ष यांचे उत्तर

आमच्या विभागाच्या साप्ताहिक सेमिनारचे अध्यक्षपद बराच काळ माझ्याकडे आहे (नावावरून उत्साह कळला असेलच), त्यामुळे खुर्चीच्या बाजूने लिहितो.

अक्षांश यांचे म्हणणे मला पटते, मात्र त्यातून 'आधी व्यवस्था बदला, मग प्रशिक्षण' असा क्रम कोणी लावू नये. ज्या विद्यार्थिनीचे व्याख्यान पुढच्या गुरुवारी आहे, तिला व्यवस्था बदलेपर्यंत थांबता येत नाही. तिला 'माझे वाक्य पूर्ण करते' हे म्हणता आले पाहिजे, आणि तिने ते म्हटल्यावर अध्यक्षाने तिची बाजू घेतली पाहिजे.

ही दुसरी गोष्ट घडवण्यासाठी निधी लागत नाही. दहा देशांतील ३५ संस्थांमध्ये झालेल्या २४७ सेमिनारांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, श्रोत्यांमधील स्त्री-पुरुषांचे प्रमाण लक्षात घेऊनही, प्रश्न पुरुषाकडून येण्याची शक्यता अडीच पटींहून अधिक होती. त्यातला दुसरा तपशील अध्यक्षांसाठी मोलाचा आहे: पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढच्या प्रश्नांमधला स्त्रियांचा वाटा आणखी घटत असे, आणि प्रश्नांसाठी वेळ जास्त असला की तफावत कमी होत असे. हे वाचल्यावर आमच्याकडे काही साधे पायंडे पाडले. व्याख्यान संपले की लगेच 'प्रश्न?' असे न विचारता दोन-तीन मिनिटे शेजाऱ्याशी बोलायला देतो. आपली शंका मूर्खपणाची नाही हे शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळले की हात वर होतो. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांचाच. एकाने एकच प्रश्न विचारायचा, फार तर एक उपप्रश्न, आणि बाकीचे चहाच्या वेळी. व्याख्यान चालू असताना केवळ अर्थ समजून घेण्यापुरतेच थांबवायचे, आक्षेप शेवटी. हे नियम दर वेळी सुरुवातीला मोठ्याने सांगतो, म्हणजे मग एखाद्या ज्येष्ठाला थांबवताना तो नियमामुळे थांबतो, माझ्यामुळे थांबत नाही. पहिले काही आठवडे कुरकुर झाली, आणि ती कोणाकडून झाली हे सांगायची गरज नाही.

परिचयाकडेही लक्ष द्या. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या वैद्यकीय संस्थेतील व्याख्यानांच्या चित्रफितींवर आधारित २०१७ च्या अभ्यासात, पुरुषांनी पुरुष वक्त्याची ओळख करून देताना ७२.४ टक्के वेळा 'डॉक्टर' ही उपाधी लावली, आणि स्त्री वक्त्याची ओळख करून देताना ४९.२ टक्के वेळा. यामागे दुष्टपणा नसतो, आपुलकीच असते बऱ्याचदा; पण व्याख्यान सुरू होण्याआधीच एकाचा हुद्दा सभागृहात पोहोचतो आणि दुसरीचे पहिले नाव. यावर उपाय सोपा आहे. वक्त्यांकडूनच चार ओळींचा लेखी परिचय मागवावा आणि तो सर्वांचा एकाच साच्यात वाचावा. प्रशिक्षणात असा चार ओळींचा परिचय प्रत्येकीकडून लिहून घ्या. अनेकींना तो जड जातो.


मुद्रितशोधक यांचे उत्तर

एका नियतकालिकाच्या संपादन विभागात काम करत असल्यामुळे लेखनाविषयी थोडे लिहिते. वरच्या उत्तरांत बोलण्यावर भर आहे, आणि संशोधकाचा बराचसा संवाद तर लेखी असतो.

वैद्यक आणि जीवशास्त्रातील शोधनिबंधांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात वैद्यकीय संशोधनाचेच एक लाखाहून अधिक निबंध होते. पहिली आणि शेवटची अशा दोन्ही लेखिका स्त्रिया असलेल्या निबंधांशी तुलना करता, इतर निबंधांच्या शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात 'नवीन', 'अनन्य', 'आश्वासक' अशा धर्तीचे शब्द १२.३ टक्क्यांनी अधिक आढळले, आणि असे शब्द असलेल्या निबंधांना पुढे अधिक उद्धरणेही (इतर निबंधांतील उल्लेख) मिळाली. हे वाचून काही प्रशिक्षक 'तुम्हीही असे शब्द पेरा' असा सल्ला देऊ लागले आहेत. माझा त्याला विरोध आहे. विशेषणांचा महापूर आधीच पुरेसा आहे. नावीन्य सांगायचे असेल तर विशेषणाऐवजी विधान करावे: आजवर अमुक गोष्ट माहीत नव्हती, किंवा ती अमुक पद्धतीने मोजता येत नव्हती, या निबंधामुळे ती मोजता येते. हे वाक्य गोषवाऱ्यात नसेल तर ते लिहायला लावणे हा प्रशिक्षणातला उत्तम अर्धा तास ठरेल. कित्येकदा ते वाक्य निबंधाच्या नवव्या पानावर, चर्चेच्या तिसऱ्या परिच्छेदात लपलेले असते.

दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची वाटते. स्त्रियांना 'कदाचित', 'असे दिसते', 'बहुधा' हे शब्द गाळायला सांगणारे प्रशिक्षक भेटतात. व्यापारी बैठकीत ते चालत असेल. विज्ञानात अनिश्चितता अचूकपणे सांगणे हेच कौशल्य आहे आणि ते गाळले तर परीक्षक निबंध परत पाठवतील, तेही रास्त कारणासाठी. फरक करायचा तो दाव्याबद्दलची शंका आणि स्वतःबद्दलची शंका यांत. 'हा परिणाम या नमुन्यापुरताच असू शकेल' हे शास्त्र झाले. 'मी या क्षेत्रातली नाही, त्यामुळे माझा प्रश्न बाळबोध असेल' यात शास्त्र काहीच नाही. त्या वाक्याने प्रश्नाविषयी काही कळत नाही, विचारणारीची मात्र पायरी ठरते. सहभागींना आपल्या जुन्या पत्रांत आणि मसुद्यांत दोन रंगांनी ही दोन प्रकारची वाक्ये खुणावायला सांगा.

परीक्षकांना द्यायच्या उत्तरांबाबत थोडक्यात: प्रत्येक मुद्दा उद्धृत करून त्याखाली आधी काय बदलले ते लिहावे आणि बदलले नसेल तर का नाही ते लिहावे. आभार एकदाच मानावेत. परीक्षकाचे म्हणणे चुकीचे असेल तर तसे नम्रपणे सांगण्याने निबंध नाकारला जात नाही. संपादकाला हवा असतो तो आधार, होकार नव्हे.


दुय्यमभाषी यांचे उत्तर

एक लहानशी भर. 'स्त्रिया' हा एकजिनसी गट नाही. माझ्यासारख्या अनेकींना ज्या भाषेत संशोधन मांडावे लागते ती आमची मातृभाषा नाही, आणि मग आमचे थांबणे हे आत्मविश्वासाच्या अभावाचे लक्षण मानले जाते, जेव्हा आम्ही फक्त शब्द शोधत असतो. मला सर्वाधिक उपयोग झाला तो उत्तराआधी प्रश्न आपल्या शब्दांत थोडक्यात परत मांडण्याच्या सवयीचा: 'म्हणजे आपण तापमानाचा परिणाम वगळला का, असे विचारत आहात.' त्यातून विचार करायला वेळ मिळतो, प्रश्न चुकीचा ऐकला असेल तर लगेच कळते आणि मागे बसलेल्यांनाही तो ऐकू जातो. तुमच्या गटांमध्ये अशा सहभागी असतील तर उच्चार सुधारण्याचा कार्यक्रम हाती घेऊ नका. आणि नकार द्यायलाही शिकवा. पदोन्नतीत न मोजली जाणारी कामे स्वीकारण्याची विनंती स्त्रियांना अधिक वेळा केली जाते आणि त्या ती अधिक वेळा मान्य करतात, हे २०१७ मधील प्रयोगांत दिसले आहे. 'या समितीत येण्यापूर्वी, माझ्याकडची कोणती जबाबदारी कमी होईल ते ठरवूया' हे वाक्य मी लिहून भिंतीवर लावले आहे.


शोधयात्री यांची प्रतिक्रिया

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या तिसऱ्या सहकारी समितीत राहणार आहेत. अक्षांश यांनी सुचवलेली अट आराखड्याच्या पहिल्याच परिच्छेदात घालायची, ही त्यांची अट आहे. सेमिनारचे नियम विभागाच्या बैठकीत स्वतंत्रपणे मांडू, कारण ते निधीवर अवलंबून नाहीत.

आता एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. निधी देणाऱ्यांना परिणामाचा अहवाल हवा आहे आणि नमुना म्हणून त्यांनी जो फॉर्म पाठवला आहे, त्यात 'कार्यशाळेनंतर तुमचा आत्मविश्वास किती वाढला' या प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे आहेत. याहून बरे मोजमाप काय असू शकेल? आणि सरावाचे चित्रीकरण करावे की नाही, यावरही आमच्यात मतभेद आहेत.


नाइलाजाचे अध्यक्ष यांचे उत्तर

तो फॉर्म त्यांना भरून द्या, त्यांच्या फायलीसाठी. स्वतःसाठी मात्र वर्तन मोजा. प्रत्येक सेमिनारमध्ये एका विद्यार्थ्याने वही घेऊन बसावे आणि श्रोत्यांमध्ये स्त्रिया किती, पुरुष किती, प्रश्न कोणाचे किती, पहिला कोणाचा, व्याख्यान किती वेळा आणि किती मिनिटे अडवले गेले, एवढेच टिपावे. प्रशिक्षणाच्या आधीचे एक पूर्ण सत्र आणि नंतरचे एक, अशी नोंद असेल तर बोलायला काहीतरी हाती लागते. आकडे लहान असतील, तेव्हा टक्केवारी काढून डंका पिटू नका. मूळ मोजणीच अहवालात द्या. त्याच तक्त्यात वर्षभरात कोणाकोणाला व्याख्यानासाठी बोलावले गेले आणि कोणी नकार दिला, हाही रकाना ठेवा. केवळ वीस जणी बदलल्या की विभागही बदलला, हे त्या रकान्यावरून अधिक कळेल. एक खबरदारी मात्र घ्या: नोंद कोणाच्या नावाने होणार नाही, हे आधी जाहीर करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात वही वादाचा विषय होईल.


वाक्यविराम यांचे उत्तर

चित्रीकरण जरूर करावे. स्वतःला पाहिल्याशिवाय घाई, मान खाली घालून स्लाइड वाचणे किंवा उत्तर संपल्यावरही बोलत राहणे लक्षात येत नाही. त्यासाठी दोन अटी सुरुवातीलाच लेखी ठेवा. चित्रफीत जिची तिच्याच फोनवर घ्यायची आणि तिच्याकडेच राहू द्यायची. प्रशिक्षकाकडे, मार्गदर्शकाकडे किंवा विभागाकडे तिची प्रत जाणार नाही आणि अहवालात तिचा उल्लेखही येणार नाही. आणि पहिल्यांदा पाहताना आवाज बंद करून पाहायचे नाही, उलट चित्र झाकून केवळ ऐकायचे. चित्र समोर असले की बहुतेक जणी आपले केस आणि हात पाहत बसतात आणि उत्तर कसे दिले हे राहून जाते. चित्र झाकले की पहिल्या वाक्यात उत्तर आले की नाही, हे नीट ऐकू येते. ज्यांना चित्रीकरण नकोच असेल त्यांना कारण न विचारता वगळा; त्यांच्यासाठी जोडीदारीण समोर बसून प्रश्न आणि उत्तराचे पहिले वाक्य लिहून घेऊ शकते, आणि तेवढ्यानेही काम भागते.